पाखरण

मंगळवारी ते छोटं विमान येतं,
डोक्यावर भिंगरी, पोटात एकच माणूस.
सुरूच्या बनावर, कांद्याच्या वाफ्यांवर
पुठ्ठ्याच्या पेट्या टाकत समुद्राकडे निघून जातं.
पहिली पेटी आमच्या गोठ्यामागे पडली.
दिराचं पोर धावत आलं: टाक्को, आभाळातून माश्या!
मी म्हटलं, खाली काय कमी होत्या?

कमी नव्हत्या.
त्या माशीने माझी सात वासरं नेली.
आधी गायीचे डोळे गळतात, मग बरगड्या मोजता येतात,
मग ती गाभ टाकते,
मग एका सकाळी उठतच नाही.
बाजारात मी रिकामा तुंबा घेऊन बसायचे,
निदान जागा जाऊ नये म्हणून.

न्देब फाय, खात्यातली मुलगी, सापळे बघायला येते.
निळ्या कापडाचे सापळे.
माशीला निळं का आवडतं, ते तिलाही सांगता येत नाही.
ओट्यावर बसून ती माश्या मोजते,
मी तुंबा हलवत लोणी काढते.
म्हणाली, पेटीतले सगळे नर आहेत.
शेजारच्या देशात, शिशाच्या जाड भिंतीआड
एक धातू ठेवलाय, न पेटता उजेड देणारा,
आणि तो उजेडही न दिसणारा.
त्यात थोडा वेळ ठेवला की नर उडतो, मादीमागे लागतो,
सगळं रीतसर करतो,
फक्त त्याच्या बीजातून काही उगवत नाही.
आणि मादी बहुधा जन्मात एकदाच नराजवळ जाते.

म्हणजे वांझ, मी म्हटलं.
हो, वांझ.
नर?
नर.

लोणी यायच्या बेतात होतं, हात थांबला.
नऊ वर्षं मला या शब्दाने हाक मारली.
न फळलेल्या गायीला तोच, मला तोच.
सासूने ताईत बांधले, मग सवत आणली.
सवतीचीही कूस उजवली नाही,
तेव्हा म्हणाले, दोघींना एकच नजर लागली.
गेलाजोचं नाव कुणी घेतलं नाही.
मीही नाही.

न्देब जांभळा दिवा लावते. आभाळातून आलेल्यांच्या
डोक्यावर नारिंगी पूड चमकते,
मेंदी लावून पाठवलेले नवरदेव जणू.
न चमकणारे ते इथले, जुने.
गेल्या साली मूठभर असायचे.
या खेपेला एक सापडली, मादी.
न्देबने ती चिमटीत धरून उजेडाकडे केली
आणि सहज म्हणाली, ही अंडी घालत नाही.
एका वेळी एकच पिल्लू. पोटातच वाढवते,
पोटातच दूध पाजते.
दूध?
दूधच म्हणायचं, म्हणाली, आणि झाकण लावलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
कुणाची बाजू घ्यावी, असा तो प्रश्न नव्हता.
सात वासरं मी विसरले नाहीये.

आता दारात संकरित गाय आहे, ठिपक्यांची, खादाड.
पहाटे रस्त्याला बस थांबते, लोक काच खाली करून
दूध मागतात, सुटे पैसे नाहीत म्हणून भांडतात.
उकळलंय का, एवढं विचारतात.
कुठल्या भिंतीआडच्या उजेडातून आलं, ते कोण विचारणार,
आणि विचारलं तरी बस सुटायच्या आत
मला सांगता येणार आहे थोडंच.

गेलाजोला मात्र सांगितलं.
तो वासरू बांधत होता. सगळं ऐकून घेतलं,
दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
किती वेळ ठेवतात म्हणालीस, त्या उजेडात?
थोडाच, मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी एक पेटी कुंपणात अडकली.
पोरं काठ्या घेऊन धावली, त्याने त्यांना मागे सारलं,
काट्यांत हात घालून पेटी सोडवली,
झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिला.
मग पेटी तिरकी केली.
जा, म्हणाला. जा रे बाबांनो.